राहुटीची निगा

आपल्या शाळेच्या जिन्याखाली जी लहानशी खोली आहे, तीत शिबिराचे सामान ठेवण्याची वहिवाट आहे. गेल्या संक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही तीतून चार राहुट्या बाहेर काढल्या. पाचवीच्या वर्गातील मुलांना प्रथमच दोन रात्री नदीकाठी न्यावयाचे ठरले होते, आणि त्या आनंदात मुलांनी आपापल्या अंथरुणाच्या वळकट्या आठ दिवस आधीच बांधून ठेविल्या होत्या. पहिली राहुटी उलगडताच कुबट वास आला. कापडाच्या आतील अंगास काळे-हिरवे ठिपके दाट उमटलेले होते. दोघा मुलांनी दोन कोपरे धरून कापड ताणले, तो ते मधोमध जुन्या वर्तमानपत्रासारखे फाटले. दुसरीची तीच गत झाली. उरलेल्या दोन राहुट्या एवढ्या मुलांस पुरणाऱ्या नव्हत्या. तेव्हा पाचवीची सहल रद्द करावी लागली. त्या मुलांनी कुरकुर केली नाही. वळकट्या उचलल्या आणि घरी नेल्या. कुरकुर केली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

चूक सर्वस्वी आमची. दिवाळीच्या सुटीत मोठ्या मुलांचे शिबिर वर्धा नदीच्या काठी झाले होते. शेवटच्या रात्री अवकाळी पावसाची एक सर आली. राहुट्यांनी ती उत्तम रीतीने सोसली. आत थेंबही आला नाही. सकाळी स्वच्छ ऊन पडले होते. आणखी दोन-तीन तास थांबलो असतो तर सर्व कापड खडखडीत वाळले असते. परंतु सामान न्यावयास टेंपो येऊन उभा होता, चालकास दुसरे भाडे होते, मुलांना घरच्या फराळाची ओढ लागली होती, आणि ‘शाळेत गेल्यावर वाळत घालू’ असे आम्हीच म्हटले. शाळेत गेल्यावर खोलीस कुलूप लागले. सुटी संपल्यावर इतर कामांच्या धांदलीत त्या राहुट्या कोणाच्या स्मरणात राहिल्या नाहीत. चारही राहुट्या सारख्याच भिजलेल्या होत्या. वरच्या दोन जाळीच्या खिडकीसमोर पडल्या म्हणून वाचल्या. खालच्या दोन भिंतीस टेकून, वरच्यांच्या भाराखाली राहिल्या, त्या गेल्या. हा फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढील बहुतेक विवेचन त्यातूनच निघते.

फाटलेले कापड आम्ही गावातील एका वृद्ध गृहस्थांस दाखविले. पुलगावची कापडाची गिरणी चालू होती त्या काळी त्यांनी तीत साचे चालविले होते. त्यांनी कापड नाकाशी नेले, दोन बोटांच्या चिमटीत धरून सहज टरकावले आणि मुलांकडे पाहून विचारले, ‘‘हे ओलंच गुंडायलं होतं ना रे पोट्टेहो?’’ मुलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही होय म्हटले. मग त्या आजोबांनी मुलांना ओट्यावर बसवून विणकामातील एक गोष्ट सांगितली, ती अशी की, साच्यावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या सुतास पिठाची खळ द्यावी लागते. खळ दिली नाही तर सूत घासून तुटते. कोऱ्या कापडात ही खळ काही अंशी राहून जाते, आणि ओल लागली की बुरशी प्रथम तिच्यावर तुटून पडते. जेथे भाकरीस बुरशी येते तेथे खळीच्या कापडास ती का येऊ नये? खळ संपली म्हणजे ती सुताकडे वळते.

पुलगावच्या विद्यार्थ्यांस कापसाविषयी फार सांगावयास नको. आपल्या भोवतालचे शिवार कपाशीचे. येथून आर्वीस जाणारी अरुंद रुळांची आगगाडी जेव्हा धावत होती, तेव्हा तीही कापसाच्या मुलखातूनच जात असे. तथापि कापूस म्हणजे काय, हे आपल्यांतील थोड्यांनीच विचारले असेल. कापसाचा तंतू हा बहुतांशी एकाच द्रव्याचा बनलेला असतो. त्यास सेल्युलोज म्हणतात, आणि तेच द्रव्य लाकडात, गवतात व कागदातही असते. साखरेचे शेकडो-हजारो कण साखळीसारखे एकमेकांत गुंफून हे द्रव्य झालेले आहे. आपल्या पोटास ही साखळी तोडता येत नाही, बुरशीस येते. बुरशी आपल्या अंगातून एक पाचकरस बाहेर सोडते, त्याने साखळी तुटून साखर सुटी होते, आणि ती साखर बुरशी शोषून घेते. म्हणजे राहुटी ‘कुजली’ असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः कोणी तरी ती जेवलेले असते. बुरशीची बीजे डोळ्यांस न दिसण्याइतकी सूक्ष्म असून हवेत सर्वत्र तरंगत असतात. ती कापडावर पडू नयेत असा उपाय मनुष्याच्या हाती नाही. ऊब आपल्या प्रांतात बाराही महिने पुरेशी आहे. अन्न तर कापडच. तेव्हा तिला रोखण्यास आपल्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ओल.

ह्या बुरशीची एक सत्यकथा सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकेच्या सैन्याचे तळ होते. तेथे पाऊस, ऊब आणि दमट हवा ह्यांमुळे सैनिकांचे सुती तंबू व इतर सुती सामान इतक्या लवकर कुजू लागले की, कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञ नेमावे लागले. कुजलेल्या कापडांवरील बुरश्या गोळा करून तपासण्यात आल्या. तंबूच्या कापडावर सापडलेली त्यांतील एक जात सेल्युलोज तोडण्यात विलक्षण समर्थ निघाली. तिच्यावर दीर्घकाळ संशोधन करणारे एल्विन रीझ ह्यांच्या सन्मानार्थ १९७७ साली तिचे नाव ट्रायकोडर्मा रीझी असे ठेवण्यात आले. पुढे ह्याच शत्रूस मनुष्याने चाकरीस ठेविले. तिचा पाचकरस आता कारखान्यांत मुद्दाम तयार करतात. जीन्सच्या विजारी मऊ व फिक्या करण्यास आणि गवत-पेंढ्यापासून मद्यार्क काढण्याच्या खटपटीत तो वापरला जातो. आपल्या वर्गातील ज्या मुलांच्या विजारी नव्या असतानाच जुन्या दिसतात, त्यांनी हे वाचून थोडा विचार करावा.

येथे कोणी म्हणेल की, मग पावसात राहुटी ठोकूच नये. तसे नव्हे. सुती कापड पाण्याने दुर्बळ होत नाही. उलट ओले सूत कोरड्या सुतापेक्षा ओढीस अधिक टिकते. आणि राहुटीचे कापड पाणी अडविते ते पाण्याच्याच साहाय्याने. कोरडे असताना उभ्या-आडव्या सुतांमध्ये बारीक छिद्रे असतात. पाऊस पडला की सूत फुगते, छिद्रे आवळतात, आणि पाणी उतारावरून ओघळून जाते. म्हणूनच नवी राहुटी शिबिरास नेण्यापूर्वी शाळेच्या अंगणात उभी करून एक-दोन वेळा चांगली भिजवावी व पूर्ण वाळू द्यावी. त्याने शिवणीतील दोराही फुगून सुईची छिद्रे बुजवितो. पहिल्या सरीत गळलेली नवी राहुटी दुकानदारास परत नेण्याची घाई करू नये. मात्र पाऊस चालू असता आतून कापडास बोट, डोके किंवा पेटी लागू देऊ नये. जेथे स्पर्श होतो तेथे पाणी आतल्या बाजूस उतरू लागते, आणि मग ते थांबवणे कठीण. शिबिरात हे दरवर्षी सांगावे लागते, आणि दरवर्षी एखादा जिज्ञासू विद्यार्थी बोट लावून खात्री करून घेतोच. त्याच्या अंथरुणाचे काय होते, हे त्यासच विचारावे.

जुन्या काळी मराठ्यांच्या फौजा दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यात छावणी करून राहत. ‘छावणी’ ह्या शब्दातच ‘छावणे’, म्हणजे छप्पर घालणे, हे क्रियापद आहे. नद्यांचे पूर, चिखल, दाणावैरण अशी त्यास अनेक कारणे होती, पण चार महिने भर पावसात कापडाखाली काढणे माणसांस व कापडास दोघांसही परवडणारे नव्हते, हेही त्यांत आलेच. फिरत्या धंद्यांचा नेम पुढेही तोच राहिला. विष्णुपंत छत्रे ह्यांनी १८८० साली हिंदी लोकांची पहिली सर्कस काढली, तेव्हापासून सर्कशी, तमाशाचे फड आणि मागाहून जत्रांतून चित्रपट दाखविणारे तंबू हे सर्व आभाळाकडे पाहूनच आपले दौरे आखीत आले. तंबू शिवण्याचा धंदाही प्राचीन आहे. प्रेषित पौल स्वतः तंबू करणारा कारागीर होता व करिंथ येथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला ह्या समव्यवसायी दांपत्याबरोबर राहून त्याने तो धंदा केला, हे आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक असेल. नीट जपलेला सुती तंबू किती टिकतो म्हणाल, तर टिपू सुलतानाचा एक छापील सुती तंबू इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतात पोविस येथील गढीत आजही आहे. तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानतात. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर तो विलायतेस गेला. आमच्या राहुट्यांस चार वर्षेही झाली नव्हती.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. निगेचा आरंभ राहुटी ठोकतानाच होतो. आपल्याकडील कपाशीची काळी माती ओली झाली की फुगते व चिकटते, आणि वाळली की भेगाळते. हिवाळ्यात भेगांच्या जमिनीत मारलेली मेख धरत नाही; म्हणून मुरुमाची किंचित उंच जागा पाहावी. झाडाखाली सावली मिळते खरी, परंतु झाडाचा डिंक, पाखरांची विष्ठा आणि पाऊस थांबल्यावरही तासभर ठिबकणारे पाणी हेही मिळते. बाभळीजवळ तर मुळीच जाऊ नये. जमिनीवर अंथरावयाचे कापड एका रात्रीत चाळणी होते. सुताचे किंवा अंबाडीचे तणावे भिजले की आखडतात. सायंकाळी ते ताठ ठेवून निजलात तर दहिवराने आखडून रात्री मेखा उपटतील किंवा कापड शिवणीत फाटेल. तेव्हा निजण्यापूर्वी सर्व तणावे थोडे सैल करावेत आणि सकाळी ऊन चढल्यावर पुन्हा ओढावेत. मेखा मोगरीनेच ठोकाव्यात. दगडाने ठोकल्या की डोकी फुटतात आणि फुटलेल्या कडांवर दोर कापतो.

राहुटीत शिजवू नये व दिवा उघडा ठेवू नये, हे सर्वांस माहीत असते, परंतु का, हे माहीत नसते. कापड जलरोधक करण्यासाठी त्यास मेण चोपडण्याची पद्धत पूर्वी पुष्कळ ठिकाणी होती. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी एका सर्कशीचा प्रचंड तंबू पॅराफिन मेण पेट्रोलमध्ये पातळ करून त्याने माखलेला होता. ६ जुलै १९४४ रोजी दुपारचा खेळ चालू असता त्यास आग लागली आणि काही मिनिटांत सर्व तंबू पेटून खाली आला. निदान १६७ माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ होती. आपल्या राहुटीस मेण नसले तरी सुकलेला कापूस तो कापूसच. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगास, राहुटीपासून दूर असावी.

राहुटी धुण्याविषयी पहिला नियम असा की, शक्य तोवर ती धुऊच नये. धोब्याकडे देणे, भट्टी लावणे, दगडावर आपटणे, सोडा किंवा कपडे धुण्याची पूड वापरणे ही सर्व तिला घातक आहेत. कारण कापडावर जो जलरोधक लेप दिलेला असतो तो साबण-सोड्याने निघून जातो, आणि कापडात राहिलेला साबण पुढे पाण्यास आत ओढून घेतो. राहुटी उभी करून, ताणून, प्रथम कोरड्या मऊ कुंचल्याने आतून-बाहेरून झाडावी. चिखल ओला असता पुसण्याचा मोह होतो, तो आवरावा. काळी माती ओलेपणी चोळली की सुतात शिरते. वाळू दिली तर खपली होऊन गळून पडते. उरलेला डाग साध्या थंड पाण्याने, मऊ कुंचल्याने, वरून खाली असा हलक्या हाताने काढावा. पाखरांची विष्ठा मात्र ताबडतोब भिजवून काढावी. तेला-तुपाच्या डागावर मुलतानी मातीचा लेप देऊन तो वाळल्यावर झटकावा. एकदा नव्हे, दोन-तीनदा करावे लागते.

बुरशीचे ठिपके दिसले तर काय करावे? प्रथम कापड पूर्ण वाळवावे, कारण ओल्या ठिपक्यांवर कुंचला फिरविणे म्हणजे बुरशी साऱ्या कापडभर पेरणे होय. वाळल्यावर घराबाहेर, नाकातोंडास फडके बांधून, ठिपके झाडावेत. त्यानंतर लिंबाचा रस व मीठ पाण्यात कालवून त्याने ती जागा पुसावी, साध्या पाण्याने धुवावी आणि कापड उन्हात वाळवावे. वास जातो, वाढ थांबते. काळा डाग बहुधा जात नाही, आणि तो गेलाच पाहिजे असा हट्ट धरून कोणी ब्लीचिंग पावडर लावू नये. डाग जाईल, पण त्याबरोबर सुताचा जीवही जाईल. डाग असलेली राहुटी निजावयास काही वाईट नसते. आमच्या वाचलेल्या दोन्ही राहुट्यांस असे डाग आहेत.

लेप निघून गेलेले कापड पुन्हा जलरोधक करण्याची एक जुनी घरगुती कृती आहे, आणि तीत आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांस रसायनशास्त्राचा धडाही मिळतो. एका भांड्यात कपडे धुण्याच्या साध्या वडीचा साबण ऊन पाण्यात विरघळवावा. दुसऱ्यात तुरटी विरघळवावी. कापड आधी साबणाच्या पाण्यात चांगले भिजवून निथळू द्यावे, मग तुरटीच्या पाण्यात बुडवावे. तुरटीत ॲल्युमिनियम असते. साबणातील स्निग्ध आम्लाशी त्याचा संयोग होऊन ॲल्युमिनियमचा साबण होतो, आणि हा साबण पाण्यात विरघळत नाही. तो सुताच्या अंगास चिकटून राहतो व पाणी दूर सारतो. वर आम्ही साबण हा राहुटीचा वैरी म्हटले, आणि येथे तोच तिचा कैवारी झाला. रसायनशास्त्रात असे होते. शेवटी कापड साध्या पाण्यातून काढण्यास विसरू नये, कारण उरलेल्या तुरटीचे आम्ल सुतास हळूहळू खाते. प्रयोग प्रथम हातरुमालाएवढ्या तुकड्यावर करावा. खलाशी लोक पूर्वी शिडांस कात लावीत, तोही ह्याच जातीचा उपाय होय. कातातील तुरट द्रव्य बुरशीस मानवत नाही. तांब्याचे क्षार लावलेले हिरवट कापडही ह्याच कारणास्तव टिकते.

आता वाळविण्याचे. आम्ही राहुट्या हरविल्या त्या येथेच. पाऊस झाला नसला तरी हिवाळ्यातील सकाळी राहुटी ओलीच असते: बाहेरून दहिवराने, आतून निजलेल्या मुलांच्या श्वासाने. सहा मुले रात्रभर श्वास सोडतात, त्या वाफेचे कापडावर पाणी होते. म्हणून सकाळी दारे व कनाती वर गुंडाळून वारा आरपार खेळू द्यावा. वरचे कापड लवकर वाळते व ते पाहून आपण फसतो. ओल दडून राहते ती शिवणीत, कोपऱ्यांवरील दुहेरी पट्ट्यांत, तणाव्यांच्या गाठींत आणि जमिनीस टेकणाऱ्या झालरीत. ह्या जागा हातास कोरड्या वाटल्या तरी गालास लावून पाहाव्यात. गार लागल्या की ओल आहे असे समजावे. झालर सर्वांत शेवटी वाळते आणि सर्वांत आधी कुजते, कारण तिला मातीही लागलेली असते. राहुटी आडवी करून झालर उन्हाकडे उलटी पसरावी. घाईचा प्रसंग खरोखरच आला, तर ओली राहुटी सैल गुंडाळून आणण्यास हरकत नाही, परंतु त्याच दिवशी ती उलगडलीच पाहिजे. शाळेत जागा नसेल तर व्हरांड्यात दोरीवर घालावी, वर्गातील बाकांवर पसरावी. बाकांवर राहुटी पसरली म्हणून एक तास बुडाला तरी चालेल, असे आमचे मत आहे. मुख्याध्यापकांचेही तेच मत आहे की काय, ते आम्ही अजून विचारलेले नाही.

ऊन हे औषध खरे, पण त्याचीही मात्रा असते. पुलगावास उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. राहुटी महिनोन्‌महिने अशा उन्हात उभी ठेवली तर सूर्यकिरणांतील अदृश्य जंबुपार किरण सुताची तीच साखळी तोडू लागतात, जी बुरशी तोडते. वाळली की सावलीत आणावी.

घडी घालताना दर वेळी त्याच मोडीवर घालू नये. मोडीवरचा लेप आधी तडकतो. लोखंडी मेखा राहुटीच्या पोटात गुंडाळण्याची आळशी सवय अनेकांस असते. गंज कापडास केवळ रंगवीत नाही, सूत कुजवितो; मेखा पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. राहुटी जमिनीवर किंवा भिंतीस टेकून ठेवू नये. फळीवर ठेवावी किंवा आढ्यास टांगावी. जमिनीतून ओल चढते आणि उधईही चढते, आणि उधईस सेल्युलोज बुरशीइतकेच प्रिय आहे. कापडावर खाद्यपदार्थांचा वास राहिला तर उंदीर येतात. शिबिरात राहुटीच्या कोपऱ्यात लपविलेला शेंगदाण्याचा लाडू मालकाने विसरला तरी उंदीर विसरत नाही. श्रावणात उघडीप मिळेल तेव्हा सर्व राहुट्या एकदा उलगडून वारा द्यावा.

अलीकडे बाजारात नायलॉनच्या हलक्या राहुट्या मिळतात व काही पालकांनी त्या घेतल्याही आहेत. त्यांस बुरशी सुताप्रमाणे खात नाही, म्हणून त्या ओल्या ठेवल्या तरी चालतात असा समज आहे. तो खोटा आहे. त्यांच्या आतील अंगास जो पातळ जलरोधक थर असतो, तो ओल आणि ऊब ह्यांनी विघटतो; मग कापड चिकट होते, आंबूस वास येतो, थर पापुद्रे होऊन सुटतो, आणि ह्यास उपाय जवळजवळ नाही. पत्र्याच्या छपराखालील खोलीत हे अधिकच लवकर घडते. ऊन नायलॉनला सुताहून जास्त बाधते, आणि ओले झाल्यावर ते आखडण्याऐवजी सैलावते, म्हणून त्याचे तणावे पावसात पुन्हा ओढावे लागतात. ठेवताना ते लहान पिशवीत कोंबू नये, मोठ्या पिशवीत सैल ठेवावे. बाकी निगा तीच.

लहानसे भोक दिसताच त्याच दिवशी शिवावे. ठिगळ भोकाच्या दुप्पट असावे, त्याची सुते मूळ कापडाच्या सुतांस समांतर असावीत, कडा आत मुडपलेल्या असाव्यात. दोरा सुतीच घ्यावा व त्यास मेण ओढावे. जाड जागी सुईने बळ करू नये. आधी दाभणाने वाट करावी.

गमावलेल्या राहुट्यांऐवजी एक राहुटी घेण्यापुरते पैसे गेल्या उन्हाळ्यात जमले आणि ती आता शाळेच्या अंगणात दोनदा भिजवून वाळविलेली आहे. जिन्याखालील खोलीत लाकडी फळ्या ठोकल्या असून जाळीची खिडकी उघडी राहील अशी व्यवस्था केली आहे. दाराच्या आतील बाजूस एक वही टांगली आहे. राहुटी ठेवणाऱ्याने शिवणी, गाठी व झालर पाहिल्याची नोंद तीत आपल्या सहीनिशी करावयाची आहे. पाचवीची मुले आता सहावीत गेली आहेत. ह्या हिवाळ्यात प्रथम तीच जातील. फाटलेल्या दोन राहुट्यांचे कापड आम्ही टाकून दिले नाही. त्यातील जो भाग अद्याप ताणास टिकतो त्याची ठिगळे कापून उजवीकडील वरच्या फळीवर, दाभणाच्या डब्याशेजारी ठेविली आहेत.